कानसेनचा मॉनिटर

आमच्या विभागात चौदा संगणक होते आणि तेराच मॉनिटर चालू असत. चौदावा कानसेनच्या टेबलावर होता. त्याला टेकवून जेवणाचा डबा ठेवलेला असे आणि थंडीच्या दिवसांत त्याच्या कोपऱ्यावर टोपी लटकत असे. त्यावर कधी काही दिसतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कानसेनला तर नाहीच नाही.

कानसेन जन्मापासून आंधळा. हा शब्द त्याचा स्वतःचा. 'दृष्टिहीन' हा शब्द त्याने पुढाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. तानसेन होणं सगळ्यांना जमत नाही, निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. त्यावरून त्याला हे नाव पडलं आणि पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालू लागलं.

आमचं काम सांगायला सोपं. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यांवर डॉक्टर क्ष-किरणाचे फोटो बघतात आणि काय दिसलं ते एका यंत्रात बोलून ठेवतात. तळमजल्यावर आम्ही ते ऐकून टाइप करतो. डॉक्टर पान खाल्ल्यासारखं बोलतात, आणि वाक्याच्या शेवटी येईपर्यंत त्यांचा स्वतःच्या वाक्यातला रस संपलेला असतो. तो उरलेला भाग ओळखणं ही आमच्या धंद्यातली कला, आणि त्या कलेत कानसेनचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या उजव्या कानात डॉक्टर असत आणि डाव्या कानात तात्या.

तात्या म्हणजे त्याचा स्क्रीन रीडर. पडद्यावर जे जे येतं ते वाचून दाखवणारा आवाज. पुरुषी, सपाट, निवृत्त कारकुनासारखा कशाचंच कौतुक नसलेला. अकरा वर्षं तो तात्या कानसेनच्या कानात बोलत होता. कर्करोग आणि कॅल्शियमची कमतरता या दोन्ही गोष्टी तो एकाच सुरात सांगे. त्यामुळे कामाचा ताण येत नाही, असं कानसेनचं म्हणणं.

कानसेनचा अभिमान एकाच गोष्टीवर उभा होता. तो डोळे उसने घेत नसे. म्हणजे रस्ता ओलांडताना कुणाचा खांदा धरी, बँकेत फॉर्म भरून घेई, त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. पण संगणकासमोर बसल्यावर 'जरा बघ रे, काय आलंय पडद्यावर' हे वाक्य त्याने अकरा वर्षांत उच्चारलं नव्हतं. तात्या गप्प झाला तर तो कळा दाबून, थांबून, पंख्याचा आवाज ऐकून वाट काढी. शहरातल्या आंधळ्या मंडळींना हे माहीत होतं. शनिवारी सकाळी नऊ ते बारा त्याच्या घरी फोन वाजत राहायचा. कुणाचा संगणक बोलत नाही, कुणाचा नको तेवढा बोलतो. त्याची बायको याला ओपीडी म्हणायची. वहिनींचं कपडे अल्टर करायचं छोटं दुकान आहे, आणि आमच्या सगळ्या विभागाच्या विजारी तिथेच कमीजास्त होतात. त्यामुळे त्या घरातलं आम्हाला मापासकट कळतं.

मग गेल्या वर्षी चिमणी आली.

तीही आंधळी, वय अठ्ठावीस, टेबल कानसेनच्या शेजारचं. चालू मॉनिटर तेराचे बारा झाले. चिमणी हे नाव तिच्या आवाजावरून नाही, तिच्या स्क्रीन रीडरवरून पडलं. तिने तो इतक्या वेगात लावला होता की इअरफोनमधून बाहेर झिरपणारा आवाज निव्वळ चिवचिवाट वाटे. डोळसांमध्ये गाडीच्या वेगावरून जशी चढाओढ असते, तशी या मंडळींत वाचण्याच्या वेगावरून असते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"किती वर ठेवलाय?" कानसेनने तिसऱ्याच दिवशी विचारलं. आवाजात हवापाण्याची चौकशी केल्याचा भाव होता.

"नव्वद, दादा. तुमचा?"

"ऐंशी," कानसेन म्हणाला. तो पासष्टवर होता.

त्या दुपारी त्याने तात्याला खरोखरच ऐंशीवर नेलं. अकरा वर्षं शांतपणे बोलणारा तात्या एकाएकी पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा बोलू लागला. दोन दिवस कानसेनने निम्मं काम अंदाजाने केलं, आणि प्रत्येक अहवाल तीनतीनदा ऐकून दुरुस्त केला. त्यामुळे वेग वाढवून त्याचं काम बरोबर दीडपट हळू झालं. तिसऱ्या दिवशी तात्या गुपचूप पासष्टवर परतला. जाहीर आकडा मात्र ऐंशीच राहिला.

तिथून सुरुवात झाली. चिमणीचं हसू त्याला फार मोठं वाटू लागलं. चहावाला पहिला कप तिच्या टेबलावर ठेवतो, हे त्याने कप टेकवल्याच्या आवाजावरून टिपलं. वरचे हाडांचे डॉक्टर, ज्यांचं बोलणं फक्त आपल्यालाच कळतं असं तो समजत असे, एकदा खाली येऊन म्हणाले, "परवाचा रिपोर्ट कुणी टाइप केला? एक चूक नाही!" तो चिमणीने केला होता. कानसेन म्हणाला, "त्या दिवशी डॉक्टर जरा स्पष्ट बोलले असतील."

त्याची खरी तक्रार वेगळी होती आणि ती तो फक्त घरी बोलत असे. चिमणीची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेली होती. म्हणजे एकोणीस वर्षं तिने जग बघितलेलं होतं.

"तिने स्क्रीन बघितलाय," तो बायकोला सांगे. "खिडकी कुठे असते, बटण कुठे असतं, सगळं तिला आठवतं. मी ते पाठ केलंय. ही कॉपी झाली."

"अहो, ती काय मुद्दाम बघून आली का?" वहिनी म्हणत.

"आठवणीतले डोळेही उसनेच."

"मग मीही लहानपणी नदीत पोहलेय. आता दुकानात बसून ओली होते का?"

कानसेन उठून झोपायला गेला.

सगळ्यात वाईट म्हणजे फोन. मंडळींना चिमणीचा पत्ता लागला होता. शनिवारचे फोन चौदावरून सहावर आले, सहावरून एकावर. तो एकही रॉंग नंबर निघाला. कानसेन त्या माणसाशी अकरा मिनिटं बोलला, असं वहिनींनी सांगितलं.

आणि अशात फतवा निघाला. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बंद होणार, महिनाअखेरीपर्यंत सगळे संगणक नव्या सिस्टीमवर गेले पाहिजेत. संगणक विभागाचा माणूस आला, बारा टेबलांवरून फिरला, आणि उरलेल्या दोन टेबलांपाशी येऊन थबकला.

"तुमचं पण मी करून देतो," तो म्हणाला, "पण मध्ये मध्ये पडद्यावर प्रश्न येतात आणि तेव्हा तुमचा तो बोलका बंद असतो. तो परत बोलेल का, याची मी खात्री देत नाही."

"माझं मी करीन," कानसेन आणि चिमणी एकदमच म्हणाले. एकदम म्हटलं याचाही कानसेनला राग आला.

आमच्या विभागप्रमुख बाई हे ऐकत होत्या. बाईंना कागद आवडतात आणि माणसं चालतात. त्या म्हणाल्या, "हे बरं झालं. आपल्या संस्थेच्या बाकीच्या शाखांत असे अकरा कर्मचारी आहेत. त्यांचे संगणकही करायचेत. वरून विचारणा आहे की जाणकार कोण. तुम्हा दोघांपैकी एकाचं नाव मी पाठवणार. सोमवारपर्यंत स्वतःचा संगणक स्वतः करा, कसा केला ते लिहून आणा. मग ठरवू."

अकरा शाखा नव्हेत, अकरा माणसं. तरी कानसेनने ते शहरभराच्या राज्यारोहणासारखं ऐकलं. ज्याचं नाव वर जाईल त्याचा फोन वाजेल. ज्याचं जाणार नाही त्याने रॉंग नंबरची वाट बघत बसावं. इतका तो सरळ हिशेब होता.

चिमणीने गुरुवारी दुपारी करून टाकलं. तीन तास लागले. साडेचारला तिच्या टेबलावरून पुन्हा चिवचिवाट ऐकू आला आणि विभागाने टाळ्या वाजवल्या. कानसेननेही वाजवल्या. टाळी वाजवताना तळहात एकमेकांना लागू न देण्याची युक्ती आम्ही त्या दिवशी पाहिली.

"दादा, सोपं आहे हो," चिमणी म्हणाली. "मध्ये एकदा जरा गंमत झाली, पण—"

"मला काही सांगू नकोस," कानसेन म्हणाला. "माझा पेपर व्हायचाय."

*

शनिवारी विभाग बंद असतो. कानसेनने बाईंकडून परवानगी घेतली आणि सकाळी दहाला पहारेकऱ्याकडून दार उघडून घेतलं. बरोबर वहिनी. त्यांना नको म्हणून सांगितलं होतं. पण रिकाम्या तळमजल्यावर नवऱ्याला एकटं सोडायला त्या तयार नव्हत्या. शेवटी तह झाला. वहिनींनी यायचं, पण कानसेनच्या संगणकाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं.

"म्हणजे मी शाळेत वर्गाबाहेर उभी केल्यासारखी?"

"डोळे खोलीत असले की मोह होतो. तुला नाही, मला."

वहिनी दोन विजारी आणि सुईदोरा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

कानसेनची तयारी चोख होती. सगळ्या फायलींची प्रत त्याने काढून ठेवली होती. तात्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन शर्टाच्या खिशात, छातीजवळ ठेवली होती. न जाणो, नव्या घरात तात्याला कुणी ओळखलं नाही तर. नवी सिस्टीम सुरू झाल्यावर तिचा स्वतःचा एक वाचक असतो, तो जागा करायला कुठल्या तीन कळा एकदम दाबायच्या, हे पाठ होतं. त्याने हेडफोन चढवले आणि सुरुवातीचं बटण दाबलं.

"तुमच्या फायली आहेत तशाच राहतील," तात्या म्हणाला. मग म्हणाला, "संगणक काही वेळा बंद होऊन पुन्हा सुरू होईल." आणि मग तात्या गप्प झाला.

आता पुढचा प्रवास कानाने करायचा. डोळस माणसाला या वेळी पडद्यावर टक्के दिसतात. कानसेनकडे पंखा होता. पंखा चढला म्हणजे काम चालू, उतरला म्हणजे संगणक विचारात. त्याने एक तळहात संगणकाच्या अंगावर ठेवला, ताप बघतात तसा. एकदा टक झालं, पंखा थांबला, पुन्हा फिरला. पहिली बंदी. अर्ध्या तासाने दुसरी. तिसरी झाली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मग पंखा हळूहळू उतरला आणि एका संथ, समाधानी सुरावर येऊन थांबला.

"झालं," कानसेन म्हणाला. "आता तो मला प्रश्न विचारणार."

"कोण?" भिंतीकडून वहिनी.

"नवीन माणूस."

त्याने तीन कळा दाबल्या. हेडफोनमध्ये काही नाही. पाच मिनिटं थांबून पुन्हा दाबल्या. काही नाही. त्याच कळा दुसऱ्यांदा दाबल्या की तो वाचक गप्प होतो, तिसऱ्यांदा दाबल्या की बोलतो; त्यामुळे पुढच्या तासाभरात कानसेनने त्या बिचाऱ्याला कितीदा उठवलं आणि कितीदा झोपवलं, याची गणती नाही. हेडफोन काढून पुन्हा खोचला. दुसरा हेडफोन आणला. पेनड्राइव्ह लावून बघितला. संगणक शांतपणे गुणगुणत होता, पोट भरलेल्या माणसासारखा, पण बोलत नव्हता.

एक वाजला. वहिनींची एक विजार पूर्ण झाली होती.

"बघू का?" त्यांनी विचारलं. पाठ तशीच होती.

"नको."

"नुसतं बघते. वाचत नाही."

"तेच ते. तिने नाही घेतले उसने. मी घेणार नाही."

"तिने घेतले नाहीत कशावरून?"

"टाळ्या वाजल्या ना!"

दीड वाजता कानसेनने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग ज्या आवाजात माणूस अंगठी गहाण टाकतो त्या आवाजात म्हणाला, "बघ एकदा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. वहिनी उठल्या. वळल्या. टोपी बाजूला केली, डबा उचलला, आणि वाकून नीट बघितलं. सुईच्या नेढ्यातून दिवसाला पन्नास वेळा दोरा ओवणारे ते डोळे.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"काही नाही म्हणजे?"

"काळं आहे. सगळं काळं."

"अक्षरं? कोपऱ्यात कुठे? टक्के?"

"अहो, काळं म्हणजे काळं. मेलंय ते."

कानसेनचा चेहरा बघवेना, असं वहिनी सांगतात. अकरा वर्षांचं व्रत मोडलं ते मोडलं, आणि त्याच्या बदल्यात मिळालं काय, तर जे त्याला जन्मापासून फुकट दिसत होतं तेच.

चिमणीचा नंबर त्याच्याकडे होता. ती आली त्या आठवड्यात तिनेच दिला होता. "दादा, काही अडलं तर विचारीन हं," म्हणाली होती. वर्षभरात तिचं एकदाही अडलं नव्हतं. हाही एक राग होताच. त्याने फोन लावला आणि सुरुवात अशी केली: "अडलं वगैरे काही नाहीये, सहज केला."

"दादा, कितवी बंदी झाली?" चिमणीने विचारलं.

"तिसरी. दोन तास झाले. आवाज नाही. बायको म्हणते पडदा काळा आहे. मेलाय."

मग चिमणीने विचारलं, "मॉनिटर चालू आहे का?"

"मॉनिटर?" कानसेन म्हणाला. "मला कशाला लागतो मॉनिटर?"

"तुम्हाला नाही हो, आवाजाला. नव्या सिस्टीमला मॉनिटरमधले स्पीकर सापडतात, मग ती हेडफोन सोडून तिकडेच बोलत बसते. मॉनिटर बंद असला की बोलणं भिंतीत जातं. खाली उजवीकडे कडेला बटण असेल, वहिनींना सांगा."

कानसेनने वहिनींना सांगितलं नाही. त्याने स्वतः हात पुढे केला. अकरा वर्षं ज्या वस्तूला डबा टेकवला तिच्या कडेवरून त्याने पहिल्यांदाच बोट फिरवलं, आणि उजवीकडे खाली ते बटण सापडलं. त्याने ते दाबलं.

"आता टॅब दाबा," फोनमधून चिमणी म्हणाली.

त्याने टॅब दाबलं. मॉनिटरमधून एक नवखा, अतिशय नम्र आवाज बोलला: "पुढे. बटण. पुढे जाण्यासाठी एंटर दाबा."

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. पडदा उजळला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत स्वागत होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूला मेलेलं म्हणून जाहीर केलं होतं आणि ती दोन तास त्यांच्याकडे स्वागताचा फलक घेऊन उभी होती.

"गुरुवारी माझंही असंच झालं," चिमणी सांगत होती. "तेव्हा तुम्हाला सांगत होते ना, गंमत झाली म्हणून. पाऊण तास बसले होते गप्प. मग सफाईवाल्या मावशी आल्या, मॉनिटरवर फडकं मारलं, त्यात बटण दाबलं गेलं आणि तो बोलायलाच लागला. मला तर काही कळलंच नव्हतं. नंतर विचार करून सापडलं, पण फडक्याचं काय लिहायचं म्हणून लिहिलं नाही."

कानसेनच्या अंगावरून जे काही गेलं त्याला सुख हाच शब्द आहे. तिचं यश फडक्याचं होतं! त्याने एंटर दाबला, प्रश्नांची उत्तरं दिली, आवाज हेडफोनकडे वळवला, तात्याला जागं केलं. जुना पासष्टचा वेग, जुनी सपाट वाणी. नव्या सिस्टीममधला तात्याचा पहिला शब्द होता, "कचरापेटी."

"आला," कानसेन म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओला झाला, असं वहिनींचं म्हणणं. त्याने मात्र फोनवर एवढंच विचारलं, "मावशींना दिसतं ना?"

"हो, का?"

"काही नाही. सहज."

*

सोमवारी बाईंनी दोघांना टेबलापाशी बोलावलं. आम्ही बाकीचे टाइप करत असल्याचं नाटक करत होतो.

"झालं का, कानसेन?"

"झालं."

"कुणाची मदत?"

कानसेन खोटं बोलू शकला असता. पण व्रताची माणसं विचित्र असतात. मोडलेल्या व्रताचाही हिशेब ठेवतात. "बायकोने एकदा बघितलं," तो म्हणाला. "तिला काही दिसलं नाही."

"मग ती मदत धरायची की नाही?" बाईंनी गंभीरपणे विचारलं.

"फोनवर मी पण होते," चिमणी म्हणाली. "पण मला तर दिसतच नाही. आणि माझ्या वेळी मावशींचं फडकं होतं, तेही सांगायला हवं."

"फडकं म्हणजे डोळे नव्हेत," मागून आमच्यातलाच एक जण बोलला.

"फडकं मावशींच्या हातात होतं," कानसेन म्हणाला, "आणि मावशी डोळस आहेत."

यावर विभागात चांगली दहा मिनिटं चर्चा झाली. नवऱ्याने बायकोला बघायला सांगणं आणि मावशींनी न बघता बटण दाबणं यांत अधिक डोळे कशात आहेत, असा तो प्रश्न होता. चहावाल्याचं मत मावशींच्या विरुद्ध पडलं. मावशी म्हणाल्या, मी आपली धूळ पुसली, मला यात ओढू नका. शेवटी बाईंनी हात वर केला.

"ते राहू द्या. लिहून कुणी आणलंय?"

चिमणीने चार पानं पुढे केली. कानसेनने लिहिलं नव्हतं. रविवारचा सगळा दिवस तो तात्याशी बोलण्यात आणि फडक्याच्या आनंदात होता.

"मग हिचं नाव पाठवते," बाई म्हणाल्या आणि कागद फायलीत लावला. अकरा वर्षांच्या कीर्तीचा निकाल एका पंचिंग मशीनने लावला.

त्या चार पानांची प्रत सगळ्या शाखांत गेली. आम्हीही वाचली. सहा पायऱ्या आधीच्या होत्या. सातवी रविवारी घातलेली होती, ती अशी: 'मॉनिटर आधीच चालू करून ठेवावा, कारण आवाज तिकडे जाऊ शकतो. ही अडचण आमच्या विभागातील ज्येष्ठ सहकारी कानसेनदादा यांना आल्यामुळे लक्षात आली. त्यांचे आभार.' आणि आभार कोरडे वाटू नयेत म्हणून पुढे त्याचा फोन नंबर.

"आभार!" कानसेन घरी म्हणाला. "अकरा गावांत दवंडी पिटली माझी. आणि ज्येष्ठ? मी सेहेचाळीसचा आहे."

"तिने स्वतःचं फडकं लपवून तुमचं नाव घातलं. चांगल्या मनाने घातलं," वहिनी म्हणाल्या.

"तेच तर. चांगल्या मनातही तीच पुढे."

पुढचे दोन आठवडे चिमणी शाखांतून फिरत होती. शेजारच्या टेबलावर चिवचिवाट नव्हता. कानसेनला काम फार शांतपणे करता येत होतं, आणि तो दर तासाला विचारत होता, "आज कुठे गेलीय ती?"

मग तो शनिवार आला. सव्वानऊला फोन वाजला. कानसेनने पहिल्याच रिंगला उचलला. वर्षभर तो असाच उचलत होता.

"मॉनिटरवाले कानसेन तुम्हीच का?" पलीकडून एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं.

वहिनी सांगतात, की त्या प्रश्नानंतर एवढा वेळ गेला की त्यांना वाटलं हे आता फोन ठेवतात.

"हो," कानसेन म्हणाला. "बोला."

त्या गृहस्थांनी सातवी पायरी पाळली होती, मॉनिटर चालू होता, पण त्याला स्पीकरच नव्हते. कानसेनने चाळीस मिनिटं घेतली. कुठली कळ, किती वेळा टॅब, पंखा कसा वाजतोय ते रिसीव्हर त्याच्याजवळ धरून ऐकवा. शेवटी पलीकडे एक आवाज बोलू लागला तो वहिनींनाही ऐकू आला. रिसीव्हर ठेवतो तोच पुन्हा वाजला. बारापर्यंत पाच फोन झाले. दर वेळी सुरुवात तीच: मॉनिटरवाले का? पाचव्या वेळी कानसेनने स्वतःच उचलून सांगितलं, "मॉनिटरवाला बोलतोय."

"ओपीडी सुरू झाली," वहिनी म्हणाल्या.

कानसेन चहा प्याला. मग बशीच्या काठावरून बोट फिरवत म्हणाला, "तिच्याकडे किती आले असतील गं?"

"विचारते फोन करून."

"नको, नको. एंगेज लागतो का, तेवढं फक्त बघ."

वहिनींनी नंबर फिरवला. एंगेज नव्हता. आणि वाजलाही अर्धीच रिंग.

"हॅलो? हॅलो, कोण?" चिमणीचा आवाज एवढा घाईत होता की तो खोलीभर ऐकू आला.

अर्ध्या रिंगला फोन कोण उचलतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? चार पानांवर नंबर एकच होता, आणि तो तिचा नव्हता.

वहिनींनी रिसीव्हरवर हात ठेवला. "काय सांगू? चुकून लागला म्हणू?"

"दे इकडे," कानसेन म्हणाला. त्याने घसा खाकरला. "चिमणे, मी बोलतोय. एक अडलंय माझं. नव्या सिस्टीममध्ये तात्याचा वेग झटकन कमीजास्त करायचा असला तर काय करायचं गं?"

पलीकडे चिमणी हसली, तेच मोठं हसू, आणि सांगू लागली.

कानसेनला या प्रश्नाचं उत्तर आठ वर्षांपासून ठाऊक होतं. तिने सांगितलेली रीत वेगळी निघाली, त्याच्या रीतीपेक्षा दोन कळांनी सोपी. फोन ठेवल्यावर दिवसभर त्याला त्या दोन कळांचाच राग येत होता.